गुणवंतरावाच्या रायफलीचा घोडा

मी मुखरू मिस्तरी. ब्रह्मपुरीले बंदुका दुरुस्त करतो. मले माह्या नजरेचा भल्ला माज होता, त्याचंच सांगून राह्यलो.

सन छप्पनची गोष्ट. मालगुजारी, म्हंजे गावची जमीनदारी, जाऊन पाच वर्सं झाली, तवा गुणवंतरावानं जुनं सामान इकाले काढलं. त्यात आज्याच्या वेळची विलायती रायफल होती. खालची कडी ओढली का काडतूस आपोआप वर चढे, अशी. नागपूरचा एक वकील घ्याले तयार होता, पन सारे पुर्जे मूळचे पाहिजेत म्हने. म्हनून मले गाडी धाडून बोलावलं.

खाटेवर रायफल, बाजूले इसरू उभा. हा गोंड मानूस वीस वर्सं ती रायफल पुसून, तेल देऊन, शिकारीले खांद्यावर वाहून राह्यला होता. त्याचं पोट त्याच बंदुकीवर होतं, आन इभ्रतबी.

मी नळी पाह्यली, नंबर पडताळला, लाकूड पाह्यलं. सारं झकास. मंग नळीमागचा घोडा अंगठ्यानं मागं ओढला आन ओरडलोच, "हा घोडा कंपनीचा नाई, मालक! कानसीनं घासून बनवला हाये. असली घोडा कोनंतरी इकून खाल्ला!"

काय गरज होती असं बोंबलाची? पन शहानपना मिरवाचा होता ना!

गुणवंतराव इसरूकडे वळला. "तुह्याशिवाय हिले कोनाचा हात लागला रे?"

"आतली कमान, ते स्प्रिंग, तुटली तेव्हा मुखरूभाऊकडं नेली होती, मालक. पन तिथी तं कोनी बदलनार नाई."

मी तोवर पेचकसानं पेच काढून घोडा उलटा केला होता. आतल्या अंगाले दोन बारीक खाचा. अरे बापा! मी बनवलेल्या हरेक पुर्ज्यावर मीच मारतो त्या.  नऊ वर्सांआधी ही दुरुस्तीले आली तेव्हा अशाच बंदुकीच्या दुसऱ्या एका गिऱ्हाइकाले घाई होती. हिचा घोडा त्याच्या बंदुकीत घातला आन हिच्यात माह्या हातचा. इसरू दिवसभर माह्या दुकानाच्या पायरीवर बसून होता. त्याले काय समजते, असं म्हन्लं होतं मी मनात. आन मंग भुलूनबी गेलो.

गुणवंतराव म्हन्ला, "तुमी गोंड देवाले पेन म्हन्ता ना, त्या पेनाची शपथ घे का तुह्याकडून गेला नाई. मी मानतो."

इसरू म्हन्ला, "मी इकला नाई, मालक. पन मुखरूभाऊ म्हन्ते बदलला, तं बदललाच असन. बंदूक माह्या ताब्यात होती. माह्याकडून गेला नाई, असं पेनापुढं कसं सांगू?"

"म्हंजे तूच! उद्यापासून दारात दिसू नको."

बोल मुखरू, आता तरी बोल! तोंड उघडलं तं निघालं काय? "पेचकस कुठी गेला?" हातातच होता माह्या.

गावाबाहीर आलो तं इसरू धावत मागं आला. आता तोंडावर थुकते, असं वाटलं. थुकला असता तं बरं झालं असतं. तो हात जोडून म्हन्ला, "मुखरूभाऊ, असली घोडा दिसते कसा? दाखवा ना. मी गावोगाव हुडकतो."

आन मी हलकट, खाली बसलो, काडी घेतली, आन धुळीत त्याले तो घोडा काढून दाखवला.