रुचिताचं भाषण

राज्य नवं झालं, रायपूर राजधानी झालं आणि शहरात साहेब लोकांची रीघ लागली. साहेबांमागून त्यांच्या बायका आल्या, बायकांची मंडळं निघाली आणि मंडळांना माया करायला मुलं हवी झाली. बीरगांवच्या बालगृहाला तेव्हापासून चांगले दिवस आले.

विमलाबाई तिथे दर रविवारी जायच्या. रेल्वेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या, मुलगा पुण्याला, घरात त्या आणि अनंतराव. खोल्या रिकाम्या. वक्तृत्व स्पर्धेत त्यांचे विद्यार्थी कधी हरले नव्हते, आणि ती हौस अजून जिरली नव्हती.

बालगृहातली रुचिता भंडाऱ्याकडची, म्हणून मराठी बोलायची. तिची आई भनपुरीच्या गोदामात आगीत गेली, तेव्हा ही आईचा डबा घेऊन फाटकाशी उभी होती.

अधीक्षक शालिग्राम एकदा म्हणाले, "तेलीबांध्याला महिला मंडळाचा कार्यक्रम आहे, बाई. एखाद्या पोट्टीनं आपली कहाणी सांगितली तर बरं होईल."

विमलाबाईंनी रुचिताला निवडलं. पण पोर पाढे म्हटल्यासारखं कोरडं बोले.

"अशी काहून सांगून राहिली? आगीपाशी आली की थांब. श्वास घे. लोकांकडे पाह. आई ओरडली असन ना? काय ओरडली?"

रुचिता सतरंजीचे धागे उपटू लागली.

"आठव."

रुचितानं आठवलं. मग तिच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहू लागलं. विमलाबाईंनी तिला जवळ घेतलं. "आता जमलं. तिथं असंच कर."

पदरात तोंड खुपसून पोरीनं विचारलं, "काकू, चांगली रडली तर मले तुमच्या घरी घेऊन जासान?"

"हव," विमलाबाई म्हणाल्या. शब्द तोंडातून निघाला आणि त्या विसरल्या. अनंतरावांना विचारावं असं त्यांच्या मनातही आलं नाही.

हॉलमध्ये बायकांनी डोळ्यांना पदर लावले. कुणी म्हणालं, तुम्ही किती छान तयार केलंय हिला. विमलाबाई पायरीवर चहा घेत होत्या, तेव्हा रुचिता त्यांच्या गाडीपाशी येऊन उभी राहिली. हातात पिशवी, पिशवीत तिचे दोन फ्रॉक. सकाळीच भरून आणली होती.

विमलाबाईंनी पाहिलं. मग ड्रायव्हरला निरोप धाडला, गाडी मागच्या फाटकाशी आण.

पुढच्या रविवारी त्या बर्फी घेऊन गेल्या. "परीक्षा झाली की नेईन हं." रुचितानं बर्फी खाल्ली.

दिवाळीच्या आधी पुन्हा कार्यक्रम झाला. विमलाबाई पहिल्या रांगेत होत्या. रुचिता आगीपाशी आली, थांबली, श्वास घेतला, लोकांकडे पाहिलं. अगदी शिकवल्यासारखं. मग हिंदीत म्हणाली, "फिर मुझे एक काकी मिलीं. वो सामने बैठी हैं, हरी साड़ी में. बोलीं, अच्छा रोएगी तो घर ले जाऊँगी. मैं तो अच्छा रोई थी."

सगळ्या माना हिरव्या साडीकडे वळल्या. मागे कुणीतरी खुदकन हसलं.

दुसऱ्या दिवशी शालिग्राम घरी आले. "पोट्टी हाताबाहेर गेली. जगदलपूरच्या बालगृहात जागा आहे. पण तुमच्याच हातची आहे. तुम्ही म्हणसान तर ठेवतो."

अनंतरावांनी पेपर खाली केला. विमलाबाईंच्या कानात ते हसू अजून वाजत होतं.

"पाठवून द्या," त्या म्हणाल्या. "बाकीच्या पोरी बिघडतील."

रुचिताला सकाळच्या बसमध्ये बसवून दिलं. तिकडे तिचं बोलणं बंद झालं, असं मागाहून कळलं. विमलाबाई 'अरेरे' म्हणाल्या.

तोवर बीरगांवला एक नवी पोर आली होती. बापाला ट्रकनं उडवलेलं, बारकीशी, कुणालाच न ओळखणारी. सतरंजीवर बसून विमलाबाईंनी तिला हात केला.

"ये बाई. नाव काय तुझं?"

पोर हसत आली आणि त्यांच्या मांडीवर बसली.