नळीमास्तरांची गिटार

मित्रांनो, मी जुनी आहे हे माझ्याकडे पाहून तुम्हांला पटणार नाही. माझ्या अंगावर एकही ओरखडा नाही. माझ्यात बघून खुशाल भांग पाडावा, इतकी मी लख्ख आहे. तरीही मी तुमच्या आजोबांच्या वयाची गिटार आहे, आणि हे लख्ख रूपच माझे दुखणे आहे. कसे, ते सांगते.

मला रेझोनेटर गिटार म्हणतात. इतर गिटारींचे अंग लाकडाचे असते. माझे पितळेचे आहे, आणि त्यावर निकेलचा मुलामा आहे. माझ्या पोटात अ‍ॅल्युमिनियमची एक मोठी वाटी उपडी बसवलेली असते. ती कागदासारखी पातळ असते. तार छेडली की तिचा थरथराट तारांखालच्या घोडीतून या वाटीत उतरतो, आणि वाटी तो दसपट करून बाहेर फेकते. मी जन्मले तेव्हा वाद्यांना विजेचे कर्णे नव्हते. गजबजलेल्या दालनात चमचे आणि बशा वाजत असताना ऐकू जावे, म्हणून मला असा घसा दिला गेला. कारखान्यात माझी वाटी घडवणारी बाई प्रत्येक वाटीला नखाने टिचकी मारून कान लावत असे. पसंत न पडलेली वाटी ती मागे न बघता टोपलीत भिरकावी. माझ्या वाटीला मात्र तिने दोनदा टिचकी मारली होती.

मला विकत घेतले ते एका हॉटेलातल्या वाजंत्र्याने. तो करंगळीत काचेची नळी घालून ती तारांवरून सरकवत वाजवी. म्हणून हॉटेलातले वाढपी त्याला नळीमास्तर म्हणत. संध्याकाळी लोक जेवायला येत, आणि कोपऱ्यातल्या छोट्या मंचावर आम्ही दोघे वाजत असू. माझा आवाज थोडा नाकातला होता. मास्तर म्हणत, "हिला कायमची सर्दी आहे, पण गाते मात्र मनापासून."

मास्तरांचे घर एका खोलीचे होते. बायको, मुलगा, धाकटी मुलगी आणि चुलीचा धूर, एवढ्यांनीच ती खोली भरून जाई. म्हणून मी हॉटेलातल्या कपाटात झोपत असे. मुले कधी कधी दुपारी तिथे येत. एकदा थोरल्याने मला उचलायची हौस केली आणि मंचाच्या पायरीवर आपटले. माझ्या खांद्याला सुपारी मावेल एवढा खळगा पडला. मुलगा रडू लागला. मास्तर मात्र खळग्यात अंगठा ठेवून म्हणाले, "अरे वा! मला अंगठा टेकायला जागा केलीस की." आणि खरोखरच त्या दिवसापासून सूर लावताना त्यांचा अंगठा तिथे टेकू लागला. वाजवताना मनगट जिथे घासे, तिथला मुलामा झिजून खालचे पितळ उघडे पडले. अशी वर्षे गेली. मी त्यांच्या पायाला बसलेल्या चपलेसारखी झाले होते.

मग एका सकाळी हॉटेलला टाळे लागले. मालक रातोरात निघून गेला होता. मास्तर फाटकाबाहेर उभे राहून पहारेकऱ्याला विनवत होते, "आतलं दुसरं काही नको. माझी गिटार तेवढी द्या." पहारेकरी म्हणाला, "मला हुकूम नाही, मास्तर." कपाटाच्या अंधारात मला त्यांचा आवाज ऐकू येत होता. ते दुसऱ्या दिवशी आले, तिसऱ्या दिवशीही आले. पुढे यायचे थांबले. काचेची नळी तेवढी त्यांच्या खिशात राहिली होती.

कपाटासकट मला एका जुन्या वस्तूंच्या दुकानदाराने उचलले. त्याला वाजवता येत नव्हते, पण कल्पना फार सुचत. त्याने माझ्या तारा काढल्या, बुडाला भोक पाडले, आत दिवा बसवला आणि मला दुकानाच्या दारावर टांगले. माझ्या अंगातल्या नक्षीच्या छिद्रांतून उजेड बाहेर पडे. लोक म्हणत, "काय डोकं आहे!" दिव्याच्या उष्णतेने माझी लाकडी मान वाकली. पावसाचे पाणी पोटात साचले आणि वाटी एका बाजूने चेपली. मित्रांनो, ज्याला आपली किंमत कळत नाही त्याच्या हातून झालेले हाल सोसता येतात. त्याच्यावर रागावून उपयोग नसतो. पुढचे हाल मात्र मायेने झाले.

थोरला मुलगा आता मोठा माणूस झाला होता. त्याचा छपाईचा कारखाना होता. एक दिवस तो दुकानावरून जाताना थबकला. त्याने वर पाहिले, हात उंच केला आणि माझ्या खांद्यावरच्या खळग्यात बोट घातले. भर रस्त्यात त्याचे डोळे भरून आले. त्याने घासाघीस केली नाही. दिव्यासकट मला काखोटीला मारून तो थेट तारामावशीकडे गेला.

तारामावशी गिटारी बांधत आणि दुरुस्त करत. त्यांचे खरे नाव वेगळेच होते. पण त्यांच्या केसांत, खिशात, कधी कधी चहाच्या कपातही तारेचे तुकडे सापडत, म्हणून लोकांनी हे नाव पाडले होते. त्यांनी मला मेजावर ठेवले, त्या आत डोकावल्या आणि दिवा बाहेर काढून म्हणाल्या, "हा कोणत्या शहाण्याचा उद्योग?"

"ती विचारू नका कथा," थोरला म्हणाला. "माझ्या बाबांची आहे. वाजेल का पुन्हा?"

"वाजेल. पण घाई करायची नाही."

त्यांनी माझी मान सोडवली, वाफ देऊन सरळ केली आणि पुन्हा बसवली. बुडाचे भोक पितळेच्या ठिगळाने बुजवले. मानेवरच्या झिजलेल्या पट्ट्या काढून नव्या ठोकल्या. वाटीवर तर त्यांनी जीव ओतला. लाकडाच्या गुळगुळीत ठोकळ्यावर ती उपडी ठेवून त्या चमच्याच्या पाठीने एकेक सुरकुती काढत. श्वाससुद्धा बेताने घेत. शेवटी नव्या तारा चढल्या. मावशींनी एक तार छेडली, आणि इतक्या वर्षांनी मी माझाच नाकातला आवाज ऐकला.

त्या दिवशी थोरल्याबरोबर धाकटी बहीणही आली होती. बाबा तिच्याकडे राहत. ती आवाज ऐकून हसली आणि लगेच रडली. "दादा, आजच नेऊ या," ती म्हणाली. "त्यांना अजून एका डोळ्यानं थोडं दिसतं. दुपारी पलंगाच्या दांडीवर ती नळी फिरवत बसतात रे. बघवत नाही."

थोरल्याने मला उजेडात फिरवून पाहिले. "अशी? मळकी, ठिगळ लावलेली? नाही. वाढदिवसाला द्यायची, सगळ्यांसमोर. नवी करकरीत करून. मावशी, खळगा काढा, ठिगळ दिसता कामा नये, आणि वरून सगळा मुलामा नवा चढवा. वाटीसुद्धा नवी घाला, आवाज दालनभर गेला पाहिजे."

तारामावशींनी चष्मा कपाळावर सरकवला. "हे पातेलं नव्हे कल्हई करायला. हा खळगा, ही झीज त्यांच्या हाताची आहे. पुसली की गेली."

"मावशी, त्यांनी आयुष्यभर जुनंपानंच वापरलं. एकदा तरी त्यांच्या हातात नवी वस्तू येऊ दे."

यात खोटे काही नव्हते. मावशींनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर ओढला. शेवटी त्या म्हणाल्या, "वस्तू तुमची, हौस तुमची." आणि त्यांनी काम हाती घेतले. खरे सांगायचे तर एकदा हाती घेतल्यावर त्यांनाही ईर्ष्या चढली. खळगा त्यांनी आतून इतका सफाईने उचलला की तो कुठे होता हे त्यांनाही सापडेना. त्या स्वतःशीच "वा!" म्हणाल्या. माझी जुनी वाटी काढून त्यांनी एका फळीवर ठेवली.

मुलामा चढवणाऱ्याकडे मोठी रांग होती. वाढदिवस आला, पण मी आले नाही. धाकटी म्हणाली, "दादा, तोंडानं तरी सांग त्यांना, सापडली म्हणून." थोरला म्हणाला, "मग गंमत काय राहिली? पुढच्या वाढदिवसाला देऊ." मला कुणी विचारले असते तर मी तशीच, मुलाम्याविना, उघडी निघाले असते. पण वस्तूंना कुणी विचारत नाही, आणि म्हाताऱ्यांनाही.

त्या एका वर्षात मास्तरांचा दुसरा डोळाही गेला.

पुढच्या वाढदिवसाला थोरल्याच्या घरी पाहुणे जमले. तारामावशींनाही बोलावणे होते. मास्तर खुर्चीत बसले होते. थोरल्याने मला त्यांच्या मांडीवर ठेवले आणि तो म्हणाला, "बाबा, ओळखा."

मास्तरांनी माझ्यावरून हात फिरवला. पत्रा लागताच त्यांचा चेहरा असा उजळला, की मला वाटले, आता सगळे भरून पावले. त्यांनी खिशातून नळी काढली. मग सवयीने त्यांचा अंगठा माझ्या खांद्यावर गेला. तो तिथे घसरला. पुन्हा चाचपला, पुन्हा घसरला. मनगट जिथे टेकायचे तिथे त्यांनी बोटे फिरवली. तिथे काचेसारखा गुळगुळीतपणा होता. त्यांनी नळी एकदाच तारांवरून सरकवली. नव्या वाटीतून मोठा, खणखणीत आवाज निघाला. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

"छान आहे," मास्तर म्हणाले. "कुणाची?"

"तुमचीच, बाबा! हॉटेलातली!"

"नाही रे. माझीला इथं खळगा होता, तूच पाडलेला. ती नाकात बोलायची. ही कुणीतरी दुसरी आहे."

"बाबा, खळगा काढून घेतला. तीच आहे, देवाशपथ."

मास्तरांनी नळी परत खिशात ठेवली. मग हळू आवाजात म्हणाले, "नवी आणलीस ना? मग नवी आणली म्हण की. मी काय नको म्हणतोय? डोळे गेले म्हणून असं फसवू नये बाळा."

तारामावशी पुढे आल्या. "काका, मी दुरुस्त केली आहे. तीच आहे हो."

"तुम्हालाही त्यानंच सांगून ठेवलं असेल," मास्तर म्हणाले आणि त्यांनी मला दोन्ही हातांनी उचलून पुढे धरले. "घ्या कुणीतरी. जड आहे."

मी त्यांचीच होते. त्यांच्या बोटांखाली मी होते, आणि तरीही ते मला हरवलेलीच समजत होते. मित्रांनो, कपाटातल्या अंधारात, दुकानाच्या दारात, पावसात मला जे वाटले नव्हते, ते त्या टाळ्यांच्या खोलीत वाटले.

दुसऱ्याच दिवशी धाकटी मावशींकडे धावली. जुनी वाटी फळीवर तशीच होती. मावशींनी ती पुन्हा बसवली. माझा नाकातला आवाज परत आला. धाकटी मला घेऊन घरी गेली आणि पलंगाशी बसून म्हणाली, "बाबा, एकदाच ऐका." पण मास्तर भिंतीकडे कुशीवर वळले. "पोरी, तू तरी नको," ते म्हणाले. "त्या दिवशी सगळ्यांपुढे झालं तेवढं पुरे." ते मुलावर रागावले नव्हते. त्यांनी फक्त त्याच्याशी बोलणे कमी केले. तो आला की ते म्हणत, "ये, बस," आणि मग दोघेही पंख्याचा आवाज ऐकत बसत. त्या पावसाळ्यात मास्तर गेले. नळी त्यांच्या उशाखाली सापडली. ती धाकटीने कुणाला दिली नाही. मला मात्र तिने भावाला परत केले. "तुझी हौस होती, तुझ्याकडेच ठेव," एवढेच ती म्हणाली. दोघांचे येणे-जाणे आता सणासमारंभापुरतेही उरलेले नाही.

थोरल्याने माझ्यासाठी काचेचे कपाट करून घेतले आहे. आत छोटा दिवा आहे. कुणी नवा पाहुणा आला की तो मला दाखवतो आणि सांगतो, "ही आमच्या बाबांची. शेवटपर्यंत हीच वाजवत होते." पहिल्यांदा हे सांगताना तो अडखळला होता. आता अडखळत नाही. मला वाटते, आता ते त्याला खरेच वाटू लागले आहे.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणी तरी काही मागत असेल. जुने, मळके, तुम्हांला लाज वाटेल असे काही. ते घासूनपुसून, सजवून, चारचौघांसमोर देण्याची वाट पाहू नका. आहे तसे द्या, आज द्या. वस्तूवरचा डाग पुसण्याआधी तो कुणाच्या हाताचा आहे, हे एकदा त्या हातालाच विचारा. आणि मला सांभाळायचे असेल, तर मला वाजवा. वाजवले नाही की माझ्या तारा गंजतात आणि वाटीचा आवाज बसतो. हे तारामावशींनी थोरल्याला बजावून सांगितले होते. त्याने मान डोलावली होती.

दर रविवारी तो मऊ फडके घेऊन येतो आणि मन लावून कपाटाची काच पुसतो. बाहेरून.