चिवड्याची कात

मी एक जुना गेको आहे. गेको म्हणजे सरळ मराठीत पाल. मित्रांनो, नाकं मुरडायची असतील तर आत्ताच मुरडून घ्या. मला बरंच सांगायचं आहे आणि मी मध्ये थांबणार नाही.

मी भिंतीवरची पाल नव्हे. मला भिंतीवर चढताच येत नाही. मी जमिनीवर चालतो. अंग पिवळं, त्यावर मोहरीसारखे काळे ठिपके, आणि शेपूट चांगली गुबगुबीत. तुमच्या घरातल्या पालींना पापण्या नसतात, मला आहेत. मी डोळे मिटून तुमच्याकडे दुर्लक्ष करू शकतो आणि ते मी पुष्कळदा करतो.

कात म्हटली की तुम्हाला साप आठवेल. पण मी न्यूझीलंडमध्ये राहतो आणि इथं साप पाळायला मुळीच परवानगी नाही. कात टाकायचं काम इथं आमच्यासारख्यांनाच करावं लागतं. माणसं 'त्यानं कात टाकली' असं किती सहज म्हणतात! जणू सदराच काढला. मित्रांनो, ती कातडी असते. अंगाला ओल मिळाली तर ती मोज्यासारखी निघते. नाही मिळाली तर ती आवळत जाते.

हे मला कळलं ते अवोन्डेल नावाच्या उपनगरात. तिथं वरुण नावाचा एक विद्यार्थी माझा पहिला मालक होता. सुरुवातीला माझं कौतुक काय सांगू! मित्र यायचे, फोटो काढायचे, 'स्वीट ॲज', म्हणजे इथल्या बोलीत 'एकदम झकास', म्हणायचे. पुढं परीक्षा आल्या आणि माझं पाण्याचं भांडं कोरडं पडू लागलं. एकदा पायावर कात चिकटून राहिली, तेव्हा वरुणनं ती चिमटीत धरली आणि ओढली. कातीबरोबर माझ्या एका बोटाचं टोकही आलं. त्यानं मुद्दाम केलं नव्हतं. तो रडलासुद्धा. पण गेलेलं बोट रडण्यानं परत येत नाही. त्या दिवसापासून मी ठरवलं, जो हात माझ्या पायाकडे येईल त्याला चावायचं.

वरुण ऑस्ट्रेलियाला गेला आणि मी हेन्डरसनला ओवीच्या घरी आलो. ओवी शाळेत जाणारी मुलगी. ठिपके बघून तिनं माझं नाव चिवडा ठेवलं. पहिल्याच दिवशी मी तिला चावलो. ती आईला म्हणाली, "ही इज नॉट मीन, मम्मा. ही इज जस्ट स्केअर्ड." मी घाबरलेलो नव्हतो. पण तिनं हात काढून घेतला, हे मला आवडलं. तिनं माझ्या काचपेटीत एक बाजू उबदार ठेवली. दुसऱ्या बाजूला आईस्क्रीमच्या रिकाम्या डब्याला दार कापून आत ओलं शेवाळ भरलं. कात टाकायची वेळ आली की मी त्या डब्यात जाऊन बसायचो. कित्येक वर्षं माझी कात अख्खी निघत होती.

मग या हिवाळ्यात चिंचवडहून ओवीची आजी आली. उर्मिलाआजी. पेटीत डोकावली आणि दोन पावलं मागं सरकली.

"अगं सुचित्रा, सातासमुद्रापार येऊन बघायचं काय, तर पाल?"

"आई, तो गेको आहे," ओवीची आई म्हणाली.

"नाव बदललं म्हणून पालीचं काय बदललं?"

खरं सांगू? मला आजीचं बोलणं पटलं. पण ती स्वतः आवडली मात्र नाही. आम्ही दोघं एकमेकांकडे बघायचो आणि तोंड फिरवायचो.

एकदा ओवी आठवडाभर शाळेच्या कॅम्पला गेली. तिचे बाबा कामासाठी वेलिंग्टनला होते. आजीला थंडी सोसत नसे, म्हणून घर तापवणारा हीट पंप दिवसभर चालू असायचा आणि घरातली हवा कोरडी ठणठणीत झाली होती. रिकामपणी आजीनं घर आवरायला काढलं. आवरता आवरता माझ्या पेटीपर्यंत पोचली, नाकाला पदर लावला आणि माझा डबा उचलून घेऊन गेली. नेमका तेव्हाच माझा रंग पांढुरका पडायला लागला होता, म्हणजे कात टाकायची वेळ आली होती.

कात निघाली, पण फाटक्या चिंध्यांसारखी. पाठीवरची सुटली. उजव्या डोळ्यावरची तशीच राहिली आणि पापणी उघडेना. मागच्या पायाच्या बोटांवर तिची वळी बसली, दोरा गुंडाळावा तशी. मी दगडावर पाय घासले. पेटीतल्या लपायच्या नळीवर डोळा घासला. मदत मागितली नाही. मागणार तरी कुणाकडे?

सकाळी सुचित्रा कामावर निघता निघता पेटीशी आली आणि थबकली.

"आई! इथला डबा कुठंय?"

"तो आईस्क्रीमचा? घासून ठेवला. पोहे भरलेत त्यात."

"पोहे?"

"मग? आत सगळं कुबट वास मारत होतं. मला काय ठाऊक, पालीला डबा लागतो ते!"

सुचित्रानं प्राण्यांच्या दवाखान्यात फोन लावला आणि तिकडून जे सांगितलं ते मराठीतून मोठ्यानं म्हणत राहिली. कोमट पाण्यात बसवायचं, पाणी पोटाच्या वर नको. कात मऊ झाली की ओल्या कापसाच्या काडीनं हळूहळू लोटायची. ओढायचं मुळीच नाही. बोट काळवंडायला लागलंय, तेव्हा आजच करा. नाहीच निघाली तर उद्या घेऊन या.

तिनं घड्याळ पाहिलं. ईस्ट टामाकीच्या कारखान्यात मशीन बंद पडलं होतं आणि सगळे तिचीच वाट बघत होते. "मी संध्याकाळी येऊन करते. आई, तू हात लावू नकोस. तुला किळस येते."

"किळस येते म्हणून काय झालं?" आजी म्हणाली. "संध्याकाळपर्यंत त्या बोटानं काय करायचं?"

"आई, तो चावतो गं."

"चावू दे. तू जा."

गाडी गेली. आजीनं चष्मा लावला, पदर खोचला, परातीत कोमट पाणी घेतलं आणि मला उचललं. मित्रांनो, मी तिच्या अंगठ्याला कडकडून चावलो. ती ओरडली, "मेल्या!" पण हात सुटला नाही. तळहातावर घेऊन तिनं मला पाण्यात टेकवलं.

"चाव. आणखी चाव. मला तू आवडत नाहीस, ऐकून ठेव. पण माझ्यामुळं तुझा पाय गेला असं मी होऊ देणार नाही."

मी शेपूट उंच केली आणि वळवळवली. ही आमची शेवटची धमकी असते. पुढं गेलात तर शेपूट तोडून टाकीन, पण तुमच्या हाती लागणार नाही. ती तुटायला आलीच होती. आजीला याचा अर्थ ठाऊक नव्हता. पण तिनं माझ्याकडे पाहिलं आणि तिचा हात एकदम थांबला. ओढला नाही, आवळला नाही. पाण्यात नुसता पडून राहिला. तिच्या दंडावर काटा आला होता, तो मला एका डोळ्यानं स्पष्ट दिसत होता.

"बरं. तू म्हणशील तेव्हा," ती म्हणाली.

मी तिला खूप वाट पाहायला लावली. पाणी गार झालं, तिनं गरम ओतलं. पुन्हा गार झालं, पुन्हा ओतलं. जेवणाची वेळ टळून गेली. शेवटी मी शेपूट खाली घेतली. हार मानली असं समजू नका. मी तिला परवानगी दिली.

तिनं कापसाची काडी डोळ्यावर फिरवली, इतकी हलकी की आधी कळलंच नाही. कातीची कड सुटली, पापणी उघडली आणि समोर आजीचं घामेजलेलं तोंड दिसलं. मग एकेक बोट. वळी मऊ व्हायची, काडीवर गोळा व्हायची. काळवंडलेल्या बोटाची कात सगळ्यांत शेवटी निघाली. त्या बोटाचं टोक पुढं वाळून गळालं. बाकीची बोटं वाचली.

संध्याकाळी सुचित्रा धावत आत आली. आजीच्या अंगठ्याला पट्टी होती. पोहे पातेल्यात काढलेले होते आणि डबा ओलं शेवाळ भरून परत माझ्या पेटीत आला होता.

"आई, तू एकटीनं केलंस?"

"दोघांनी केलं," आजी म्हणाली आणि साबणानं हात धुवायला गेली. दोनदा धुतले.

कॅम्पहून परतल्यावर ओवीनं सगळं ऐकलं आणि आजीला घट्ट मिठी मारली. "आजी, वॉन्ट टू होल्ड हिम?"

"छे! मला नाही आवडत तो," आजी म्हणाली. आजही ती हेच म्हणते. आणि रोज सकाळी चहाच्या आधी बोट घालून शेवाळ ओलं आहे का ते बघते.

मित्रांनो, आमच्यावर प्रेम करा अशी विनवणी मी करणार नाही. वरुणचं माझ्यावर प्रेम होतं. आम्हाला घरात आणलंत तर पाणी भरा, ओल राखा, आणि जे आपोआप सुटायला हवं ते ओढू नका. आमचा राग आला तरी भरा, किळस आली तरी भरा. आणि आम्ही चावलो तर हात झटकू नका. चावण्याइतका जीव अजून आमच्यात आहे, एवढं समजा आणि थांबा.