दार उघडल्यावर काय बोलतात

मी एक जुना पडदा आहे, मित्रांनो. खिडकीचा नव्हे, सिनेमाचा. तुमच्यापैकी पुष्कळांनी माझ्याकडे तास न् तास टक लावून पाहिले असेल, पण मला पाहिले असे कोणी म्हणणार नाही. माझ्यावर काय चालले आहे तेच सगळे पाहतात. पूर्वी याचे थोडे वाईट वाटे. अलीकडे वाटते, कोणी ओळखत नाही तेच बरे. तोंड लपवायला जागा तरी राहते.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पांढऱ्या जाड प्लॅस्टिकच्या पट्ट्या तापवून, सांधा दिसणार नाही अशा बेताने जोडल्या आणि मला घडवले. मग एका यंत्राने माझ्या अंगभर बारीक बारीक भोके पाडली. मी घाबरलो. नवेकोरे अंग, आणि त्याची अशी चाळण! पुढे कळले, की आवाजाचे कर्णे माझ्या पाठीमागे उभे असतात आणि त्यांचा आवाज या भोकांमधूनच लोकांपर्यंत पोचतो. म्हणजे पिक्चरमधला प्रत्येक शब्द माझ्या अंगातून आरपार जातो. खराही जातो आणि पोकळही जातो. अडवण्याची सोय माझ्यात नाही.

मला गुंडाळून या थिएटरात आणले, तेव्हा कामगारांनी हातमोजे घातले होते. कडेच्या कड्यांतून दोरी ओवून मला चौकटीवर असे ताणले, की अंगावर एक सुरकुती राहिली नाही. त्या दिवशी माझी ऐट काय वर्णावी!

सुरुवातीची वर्षे सुखाची गेली. गोष्ट संपली तरी लोक लगेच उठत नसत. कोणी डोळे पुसत बसे, कोणी शेजारच्याचा हात घट्ट धरून ठेवी. टाळ्या पडत. त्या टाळ्या माझ्यासाठीच आहेत असे मी खुशाल धरून चालत असे. गोष्ट रचणारे कुठे दूर राहत. लोकांच्या समोर तर मीच होतो ना!

मग हळूहळू शेवट बिघडू लागले. गोष्ट झोकात सुरू होई, माणसे जीव मुठीत धरून बघत, आणि शेवट आला की सगळा पसारा कोणीतरी घाईघाईने पलंगाखाली सारल्यासारखा वाटे. कधी नायक दचकून जागा होई आणि सगळे स्वप्न निघे. कधी कुठूनसे हेलिकॉप्टर येई. आणि पुष्कळदा काहीच येत नसे. नुसता अंधार आणि त्यावर अक्षरे, 'पुढील भाग लवकरच'.

समोर बसलेली माणसे साधी असत. पहाटेपासून भट्टीपाशी उभा राहिलेला बेकरीवाला असे, दवाखान्यातून परस्पर आलेली नर्स असे. घरचे, दारचे सगळे मागे टाकून त्यांनी एक दुपार काढलेली असे. दिवे लागले की ती एकमेकांना विचारत, "म्हणजे? संपला?" हा प्रश्न मला फार झोंबे. एकदा एक आजोबा माझ्याकडे काठी रोखून म्हणाले, "जाळा तो पडदा!" चोर सोडून संन्याशाला फाशी, असे म्हणायचे माझ्या मनात आले. पण मी संन्यासी होतो कुठे? टाळ्यांच्या वेळी वाटा घेतला होता, मग शिव्यांच्या वेळी हात झटकून कसे चालेल? मी खाली बघायचे ठरवले. पण ताणून बांधलेल्या पडद्याला खालीही बघता येत नाही.

आता मी तुम्हाला एका बसड्रायव्हरची हकीकत सांगतो. ते आणि त्यांची बायको दर आठवड्याला सुट्टीच्या दुपारी येत. बायको शिवणकाम करी. तिच्या बाहीला नेहमी दोऱ्याचे तुकडे चिकटलेले असत. ड्रायव्हर मोठा शांत माणूस. पिक्चरमध्ये गाडीने जोरात वळण घेतले, की त्यांचा उजवा पाय आपोआप ब्रेक दाबी. बायको म्हणे, "अहो, घरून चालत आलोय आपण." एवढीच त्यांची चैन.

त्या दुपारी माझ्यावर एका बापाची गोष्ट चालू होती. मुलगी रागावून घर सोडून गेलेली, आणि बाप गावोगाव तिला शोधत फिरतो. ड्रायव्हरने सरबताचा पेला हातात धरला होता, पण एक घोटही घेतला नव्हता. शेवटी त्या बापाला मुलीचे घर सापडते. तो जिना चढतो. घंटा वाजवतो. आतून पावले वाजतात, कडी सरकते, दार किलकिले होते, माझ्या अंगभर पांढरा उजेड पसरतो...

आणि अंधार. पुढील भाग लवकरच.

सगळे थिएटर एका सुरात विव्हळले. ड्रायव्हर ताडकन उभे राहिले.

"अहो, दार कोणी उघडलं ते तरी दाखवा!"

आणि तो पेला सणसणत येऊन माझ्या छातीवर आदळला. लाल सरबत ओघळत खाली गेले. दिवे लागले. लोक हसले, काहींनी टाळ्याही वाजवल्या. त्या खेळाला पडलेल्या तेवढ्याच टाळ्या. ड्रायव्हरचे तोंड मात्र एवढेसे झाले. सगळे निघून गेल्यावर ते पायऱ्या चढून माझ्यापाशी आले आणि ओल्या रुमालाने डाग पुसू लागले. डाग आणखी पसरला.

मशीन चालवणारी ऑपरेटरबाई वरच्या खोलीतून खाली आली.

"राहू द्या, दादा. घासलं की वाढतं ते."

"माफ करा, बाई. इतकी वर्षं बस चालवतोय, कधी पॅसेंजरवर आवाज चढवला नाही. पण मी अर्ध्या रस्त्यात बस उभी केली आणि म्हटलं, उरलेला रस्ता पुढच्या वर्षी, तर लोक सोडतील का मला?"

ऑपरेटरबाई हसली. बायको हसली नाही. "खरं काय ते सांगा ना त्यांना," ती म्हणाली. ड्रायव्हर रुमाल पिळत राहिले, तेव्हा तिनेच सांगितले. "आमच्या मुलीनं तिच्या मनानं लग्न केलं. हे गेले नाहीत, आणि यांच्या हट्टापायी मीही गेले नाही. तेव्हापासून बोलणं बंद. आता रोज म्हणतात, जाऊ या. कोपऱ्यापर्यंत जातात आणि परत फिरतात."

"मला तेवढंच बघायचं होतं," ड्रायव्हर माझ्याकडे बघत म्हणाले. "दार उघडल्यावर काय बोलतात ते. कोणीतरी आधी बोलून दाखवलं असतं, तर मलाही जमलं असतं."

मित्रांनो, त्यांचा ओला हात माझ्यावर टेकलेला होता. एवढ्या गोष्टी माझ्या अंगावरून गेल्या होत्या. पण या माणसाला हवे असलेले एक वाक्य माझ्यापाशी नव्हते. सरबताच्या डागाची मला लाज वाटली नाही. डागाभोवतीच्या कोऱ्या पांढऱ्या जागेची वाटली.

"पुढचा भाग अजून बनलाच नाहीये, दादा," ऑपरेटरबाई हळूच म्हणाली.

"बनवणाऱ्यांनाच ठाऊक नसेल," बायको म्हणाली. "म्हणून तर दिवा घालवून पळाले. तुम्ही नका पळू. चला, आत्ता जाऊ."

"आत्ता? शर्ट भिजलाय माझा."

"भिजू दे. मुलीकडे जायचंय, मुलाखतीला नाही."

दोघे गेले. बरेच आठवडे त्यांच्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या. मी रोज नवी गोष्ट अंगावर घेई आणि मनात त्याच दाराचा विचार करी. त्यांच्या तोंडावर ते धाडकन बंद तर झाले नसेल?

मग एके दिवशी खेळ सुरू होण्याआधी दोघे मुद्दाम ऑपरेटरबाईला भेटायला आले. माझ्या समोरच्या पायरीवर बसून ड्रायव्हरने सगळे सांगितले.

"दार जावयानं उघडलं. ते तर आमच्या ध्यानीमनीही नव्हतं. माझी बोबडीच वळली. म्हटलं, नमस्कार, मी बस चालवतो."

बायकोला हसू आवरेना. "तो म्हणाला, माहीत आहे, या."

"मग ती आतून आली. मला बघून जागच्या जागी थांबली. मी म्हटलं, चुकलं माझं. ती म्हणाली, बाबा, लग्नाच्या दिवशी मी सारखी दाराकडे बघत होते. ते मी विसरणार नाही. मी म्हटलं, नको विसरू. मी परत वळणार, तेवढ्यात ती म्हणाली, चपला आत काढा. बाहेर कुत्रं पळवतं."

ऑपरेटरबाईने पदराने नव्हे, चक्क पालथ्या हाताने डोळे पुसले आणि खेळाची वेळ झाली म्हणून लगबगीने वर गेली.

पुढचा भाग यथावकाश आला. त्यात दार उघडल्यावर बाप जागा झाला; सगळे स्वप्न होते. लोक पुन्हा "संपला?" म्हणत उठले आणि मी पुन्हा शरमेने चूर झालो. ड्रायव्हर आणि त्यांची बायको आली नव्हती. सुट्टीच्या दुपारी आता ती लेकीकडे असतात.

मित्रांनो, तुमच्यातले काही जण मोठे होऊन गोष्टी सांगतील. त्यांच्यापाशी माझे एक मागणे आहे. शेवट गोड नसला तरी चालेल, चपलांएवढा लहान असला तरी चालेल. पण माणसाला दारात उभे करून दिवा घालवू नका. समोरच्या अंधारात कोण बसले आहे, आणि इथून उठून त्याला कुणाच्या घरी जायचे आहे, हे तुम्हाला दिसत नाही. मला दिसते.