पुढची ओळ

पूर्वीनं ओल्या अंगठ्यानं बॅटरीचं झाकण दाबून धरलं आणि डबीची कड टेबलावर हलकेच आपटली. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं भराभर वर सरकली, मध्येच थबकली आणि शेवटी एक बारीक रेघ लुकलुकत राहिली.

समोर रांग थांबली होती. फ्लॉसीबायनं मोगऱ्याची करंडी काट्यावर ठेवली होती आणि पदरानं मान पुसत ती डबीकडे बघत होती. तिच्यामागे आलोशियस, त्याच्यामागे उमेळे गावातल्याच दोन-तीन वाडीवाल्या बायका. बाहेर दादरला जाणाऱ्या टेम्पोनं हॉर्न दिला.

"झालं का गो?"

"कार्ड जागं होऊ दे, फ्लॉसीबाय."

कार्ड जागं झाल्याची खूण पडद्यावर उमटली. पूर्वीनं आज्ञांच्या तीन छोट्या ओळी एकामागून एक टाइप केल्या. वाडीवाल्यांची नावं मराठीत झळकली, शेजारच्या छोट्या प्रिंटरमधून पावती सरकली आणि रांग हलली.

काट्यापलीकडे तिचे बाबा, विठ्ठलराव, सोनचाफ्याची फुलं मोजून केळीच्या पानात बांधत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"तू होतीस म्हणून," ते म्हणाले.

हे ते दर वेळी म्हणत.

ती डबी म्हणजे मुठीत मावणारा जुना पामटॉप, झाकण उघडलं की आत इवलासा कीबोर्ड. कुठल्याशा कंपनीनं भंगारात काढलेले असे पाच-सहा पामटॉप पूर्वीनं हौसेनं आणले होते. त्यांच्यात मुळात जी प्रणाली होती तिला मराठी येत नव्हतं, आणि बॅटरी उतरली की ती सगळं विसरून जायची. असल्या टाकाऊ यंत्रांवर लिनक्स नावाची प्रणाली चालवणारे लोक जगभर विखुरलेले आहेत. कोणाच्या मालकीची नसलेली ती प्रणाली ते एकमेकांना फुकट देतात, दुरुस्त करतात. पूर्वीनं त्यांच्याकडून घेतलं, त्यात आपली भर घालून ते डबीतल्या मेमरी कार्डावर बसवलं आणि ती भर सगळ्यांसाठी खुली ठेवली. मोबाइलवर हे जमलं नसतं. फुलांच्या ओल्या हातांना मोबाइलचा पडदा दाद देत नाही, बटणं देतात.

तेव्हा आई नुकतीच गेली होती, आणि पूर्वी अंधेरीची नोकरी सोडून घरी आली होती. थोड्या दिवसांसाठी. वाडीवाल्यांची फुलं गोळा करून दादरला धाडणाऱ्या या सेंटरचा हिशेब आई तोंडी ठेवायची. ती गेल्यावर कोणाची किती फुलं यावरून रोज वाद व्हायला लागले. डब्या आल्या आणि वाद मिटले. लोक म्हणाले, विठ्ठलरावांच्या पोरीनं सेंटर वाचवलं.

मग डब्या एकेक करून दमल्या. एकीचा पडदा गेला, एकीची बटणं. चालती एकच उरली, आणि तिचं कार्ड कधी लवकर जागं होई, कधी उशिरा. सगळं आपोआप सुरू व्हावं म्हणून पूर्वीनं नाना खटपटी केल्या. पण बॅटरी हलली की माणसानंच समोर बसायचं, खुणेची वाट बघायची आणि ओळी टाकायच्या, याला इलाज निघाला नाही.

ते माणूस म्हणजे पूर्वी.

मधल्या काळात ती एकदा पुण्याला मुलाखतीला निघाली होती. बस पनवेलला पोचते न पोचते तोच बाबांचा फोन आला. डबी बंद, लोक खोळंबलेत. ती उतरली आणि उलट्या बसनं परत आली. पुढे मालाडला नोकरी धरली तीही याच पायी सुटली. कोणी तिला जाऊ नको म्हटलं नव्हतं. म्हटलं असतं तर भांडता आलं असतं.

चुलत बहीण भाविका शिकायला तयार होती, शिकलीही. पण डबी अडली की बाबा शेजारच्या घरातल्या भाविकाला हाक मारत नसत, पूर्वीलाच उठवत. भाविका कंटाळून यायची बंद झाली. अनुज तर सख्खा भाऊ, नायगावला टॉवरमध्ये राहायचा, एकाच स्टेशनाच्या अंतरावर. त्याला हाक मारायचं कोणाच्या मनातही येत नसे.

बाबांना शिकवून पाहिलं होतं. त्यांनी डबी दोन बोटांत, विंचू धरावा तशी धरली. "माझ्या बोटांना नाही समजत गो हे," म्हणाले आणि परत दिली.

त्या दिवशी दुपारी जेवताना पूर्वी म्हणाली, "बाबा, हैदराबादच्या एका कंपनीतून फोन आला होता. मी डबीसाठी लिहिलेलं त्यांनी बघितलं. घेतायत मला. एक तारखेला हजर व्हायचंय."

विठ्ठलरावांनी भातावर कालवण ओतून घेतलं, नीट कालवलं.

"चांगलं आहे. जा की."

"खरंच जाऊ?"

"मी कधी नको म्हटलं?" त्यांनी घास घेतला. थोड्या वेळानं म्हणाले, "तेवढं डबीचं काय ते बघ."

पूर्वीनं पानातला भात एका कडेला सारला. खिडकीतून मागची वाडी दिसत होती. एके काळी केळी संपल्या की पाणथळ दिसायची, आता नव्या इमारतीची हिरवी जाळी दिसत होती. ती उठली आणि हात धुवायला गेली.

हैदराबादला तिनं होकारही कळवला नाही, नकारही नाही. आठवडा तसाच गेला. रोज सकाळी डबी, रांग, तीन ओळी. मग तिला ताप भरला.

रात्री गोळी घेऊन झोपली ती उन्हं अंगावर आली तेव्हाच जागी झाली. घर शांत होतं. पहिला विचार डबीचा आला. मोबाइल पाहिला, बाबांचा एकही फोन नव्हता. ते आणखीच भलतं वाटलं. पायात चपला सरकवून ती मागच्या दारानं केळींमधून सेंटरकडे निघाली. डोकं ठणकत होतं. पाटाच्या कडेला तिचा पाय घसरला, एका केळीला धरून ती उभी राहिली, आणि तिथूनच तिला पत्र्याखालचं टेबल दिसलं.

टेबलाशी विठ्ठलराव बसले होते. चष्मा नाकावर उतरलेला. डबीचा पडदा काळा होता. त्यांनी अंगठ्यानं झाकण दाबलं, डबीची कड टेबलावर आपटली, पूर्वी आपटायची तशीच, आणि थांबले.

"आज पूर्वी कुठं?" फ्लॉसीबायचा आवाज.

"ताप आहे तिला. झोपू दे."

"मग हे?"

"होईल. कार्ड जागं होऊ दे."

खूण उमटली असावी. विठ्ठलरावांनी उजव्या हाताचं पहिलं बोट उचललं आणि एकेक अक्षर शोधत, पण कुठंही न अडता, तिन्ही ओळी टाकल्या. प्रिंटर कुरकुरला. पावती फाडून त्यांनी फ्लॉसीबायच्या हातात दिली आणि चाफ्याच्या फुलांवर पाणी शिंपडायला घेतलं.

पूर्वी केळीला धरून उभीच होती. राग यायला हवा होता. पनवेलला बसमधून उतरताना बॅग पायांत अडकून ती गुडघ्यावर पडली होती, तो गुडघा आठवला. मालाडच्या साहेबापुढं किती वेळा खोटं बोलली ते आठवलं. आणि समोर बाबा आपल्या जाड बोटांकडे बघत होते; दोन्ही पंजे उताणे करून, कोणाचे तरी दुसऱ्याचे असावेत तसे. कितीदा, कोणाच्याही नकळत, एकट्यानं गिरवलं असेल त्यांनी ते?

ती आली तशी परत गेली आणि अंथरुणावर भिंतीकडे तोंड करून पडली.

दहाच्या सुमारास विठ्ठलराव पेजेचा वाडगा घेऊन आले. तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. हाताला चाफ्याचा वास होता.

"उतरलाय," ते म्हणाले. "घे, गरम आहे तोवर."

"डबी?"

"चालली आज. नशिबानं काही झालं नाही." ते वाडग्यात चमचा फिरवत होते. "तू नसतीस तर कठीणच आहे, काय गो."

पूर्वीनं वाडगा घेतला. पेज टाकली नाही, सगळी संपवली. ते तिथंच खाटेच्या कडेला बसून राहिले, वाडगा रिकामा होईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी ती सेंटरवर गेली. रांग लांब होती, शनिवार होता आणि मोगरा बराच आला होता. आलोशियसची करंडी काट्यावर असताना पडदा काळा झाला.

"पूर्वी," विठ्ठलरावांनी हाक मारली, ती समोरच असूनही.

तिनं झाकण दाबलं, कड आपटली, खुणेची वाट बघितली. खूण आली. तिनं पहिली ओळ टाकली आणि हात मांडीवर ठेवला.

रेघ लुकलुकत राहिली. टेम्पोनं हॉर्न दिला. आलोशियसनं एका पायावरचं वजन दुसऱ्यावर टाकलं.

"काय झालं?" विठ्ठलरावांनी विचारलं.

"बाबा," ती डबीकडेच बघत म्हणाली, "पुढची ओळ काय होती? मला आठवत नाही."

विठ्ठलरावांचा फुलं बांधणारा हात थांबला. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिनं मान वर केली आणि नजर हलवली नाही. तिचे डोळे भरून आले होते, ते तिनं तसेच राहू दिले.

रांगेत कोणीतरी खोकलं. टेम्पोवाल्यानं पुन्हा हॉर्न दिला, या खेपेला लांब.

विठ्ठलरावांनी हात धोतराला पुसले. सावकाश उठून ते टेबलाला वळसा घालून आले, तिच्या खांद्यामागे उभे राहिले. मग वाकून, तिच्या हातावरून हात पुढे नेत, एका बोटानं त्यांनी दुसरी ओळ टाकली. थांबले. तिसरी टाकली.

नावं उमटली. आलोशियसची पावती त्यांनी स्वतःच फाडली.

"पुढं कोण आहे, या," ते म्हणाले. आणि तिच्याकडे न बघता, काट्यावरची करंडी सरळ करत विचारलं,

"एक तारीख कुठल्या वारी येते गो?"