चाळीस टक्के कशाचे?

"रक्त लाल असतं, तर मग त्यातल्या पांढऱ्या पेशी लपतात कुठे?"

हा प्रश्न लॅबवाल्याच्या तोंडावर विचारून दाखवायचा, अशी पैज प्रिती आणि श्रेया या मैत्रिणींनी अक्षताशी लावली होती. दोघी दाराच्या काचेला नाक चिकटवून बाहेर उभ्या. अक्षता गेल्या वर्षापर्यंत वाण्याकडे सुट्टे मागायलाही लाजायची, पण ढोलपथकात घेतल्यापासून अशी काही सुटली होती की विचारता सोय नाही. तिने काउंटरवर कोपर टेकलं आणि विचारून टाकलं.

दौलतकाका वीस वर्षं काळाचौकीतल्या लोकांच्या शिरा शोधत होते. असा प्रश्न त्यांना कुणी केला नव्हता. चष्मा कपाळावर सरकवून ते म्हणाले, "जयवंतची ना तू? ये आत. त्या दोघींना राहू दे तिथेच, काच पुसून होतेय."

आत स्टँडवर जांभळ्या बुचांच्या नळ्या सकाळपासून उभ्या होत्या. रक्ताचे थर पडले होते, खाली गडद लाल, वर पिवळसर पाणी. एका नळीवरचं नाव अंगठ्याने झाकून काकांनी ती उजेडात धरली. दोन थरांच्या मधोमध दोऱ्याएवढी पांढुरकी रेघ होती.

"सापडल्या?"

"एवढ्याच?"

"एवढ्याच. आता ही बघ, तुझ्या बाबांची."

अक्षताने डोळे बारीक केले, मग मोठे केले. रेघ कुठे आहे ते काकांनाच बोटाने दाखवावं लागलं.

बाबांचा केमोचा सहावा, शेवटचा डोस होऊन दहा दिवस झाले होते. आजचा रिपोर्ट दुपारीच आईच्या मोबाइलवर आला होता. त्यात न्यूट्रोफिल, म्हणजे पांढऱ्या पेशींमधल्या जंतूंशी भांडणाऱ्या पेशी, चाळीस टक्के. शेजारी कमीचा बाण नाही. एकूण पेशींपुढे बाण होता, पण तो दर वेळीच असायचा. बाबांनी जाहीर केलं होतं, "पस्तीसला पास असतं, आपण चाळीस. रविवारी मी येणार."

रविवारी मंडळाच्या गणपतीचं आगमन होतं आणि अक्षता पहिल्यांदा ढोल वाजवणार होती. एकेकाळी याच मंडळाचा ताशा बाबांच्या गळ्यात असायचा. तिला ठेकाही त्यांनीच शिकवला होता, केमोच्या खुर्चीत बसून, सलाईन नसलेल्या हाताने.

"पण काका, टक्के तर चाळीस आहेत."

"चाळीस टक्के कशाचे? पेपर किती मार्कांचा ते बघ की."

काकांनी पुढे सरकवलेल्या छापील रिपोर्टवर तिने बोट फिरवलं. एकूण पांढऱ्या पेशी, अठराशे. तळहातावर पेनाने गुणाकार केला. सातशे वीस.

"कमी आहे हे?"

"ते डॉक्टर सांगतील. मी मशीन चालवतो."

बाबांच्या फाईलला लावलेला पिवळा कागद तिला पाठ होता: न्यूट्रोफिल हजाराच्या खाली असल्यास गर्दी टाळावी, ताप आल्यास ताबडतोब यावे. तिने तिथूनच केमोच्या वॉर्डला फोन लावला. मालन सिस्टर म्हणाल्या, "गणित बरोबर आहे तुझं. गर्दी अजिबात नको. थोड्या दिवसांत चढतील."

घरी येताना ती पैज जिंकल्याचा वडापावही विसरली. बाबांना 'बसा घरात' म्हटलं तर ते बसतील, पहिला ताशा ऐकू येईपर्यंत. तिसऱ्या डोसनंतर असेच 'कोपऱ्यावर जाऊन येतो' म्हणून मंडळाच्या पूजेला गेले होते, आणि मग तापाने फणफणून चार दिवस हॉस्पिटलात. चाळीच्या जिन्यात बसून तिने गणिताच्या वहीत सहाही डोसांचे आकडे मांडले. दर वेळी दहाव्या दिवशी खड्डा, आधीच्या पाचांत एकविसाव्याला पुन्हा वर. मजाच वाटली तिला. मग तिने पथकप्रमुखाला फोन केला.

आई बीट किसत होती. "काय गो, इतका उशीर?"

बाबा पांढऱ्या कुर्त्याला इस्त्री करत होते. "हिमोग्लोबिन अकरा. बीट पावलं."

"बीट लाल पेशींचं बघतं, बाबा. जंतूंशी भांडणाऱ्या पांढऱ्या सातशे वीसच आहेत. चाळीस टक्के खरे, पण अठराशेचे." तिने वही इस्त्रीच्या टेबलावर उघडून ठेवली.

बाबांनी इस्त्री बंद करून त्या खड्ड्यावर बोट ठेवलं. "म्हणजे नापास."

"म्हणजे पेपरच छोटा होता."

"बरं, मी घरात बसतो. तू वाजव."

आईने किसणी खाली ठेवली. "घरात, की कोपऱ्यावर?"

"नाही," अक्षता म्हणाली. "माझं पथकात सांगून झालंय. रविवारी मी वाजवणार नाही, विसर्जनाला वाजवणार, तोवर एकविसावा दिवस उलटलेला असेल. त्याच्या आधी रक्त तपासायचं, सिस्टर हो म्हणाल्या तर मास्क लावून तुम्ही यायचं. आणि रविवारी आपण तिघांनी गॅलरीत बसून ऐकायचं. कोणाचा ठेका चुकतोय, ते मी ओळखणार."