मोठ्या जाऊबाईंचा साबण

धाकट्या जावेचं नाव पेपरात आलं, तेव्हा मी कपडे वाळत घालत होते. नवऱ्याने बातमी मोठ्याने वाचली, अख्ख्या घराला ऐकू जाईल अशी. कलादालनाच्या वार्षिक प्रदर्शनातली समोरची मोठी भिंत यंदा तिला मिळाली होती. "अरे वा!" मी म्हटलं आणि चादर अशी झटकली की चिमटा उडून खालच्यांच्या गच्चीत पडला.

उगाच कशाला खोटं बोलू? पोटात दुखलं माझ्या. चित्रकला शिकले मी, रीतसर, परीक्षा देऊन. लग्न करून आले ती रंगांची पेटी काखोटीला मारून. मी तळ्याची चित्रं काढते, तैलरंगात. सकाळचं तळं, ढगाळ तळं, काठावरची झाडं पाण्यात उतरलेली असं तळं. ती भिंत मी दरवर्षी मागते आणि दरवर्षी मला जिन्याखालचा कोपरा मिळतो. तिथे लोक छत्र्या ठेवतात.

आणि धाकटी? लॉन्ड्रीत इस्त्री करते. ब्रश कुठल्या बाजूने धरायचा हे तिला ठाऊक असलं तरी खूप झालं.

तिने मांडले काय, तर साबण! वापरून झिजलेले साबणाचे तुकडे. आमच्या घरात ज्याचा त्याचा साबण वेगळा, हा सासूबाईंचा दंडक. झिजून हातात धरवेनासा झाला की तुकडा मोरीतल्या डब्यात टाकायचा, फडकी धुवायला. ही बाई त्या डब्यातून तुकडे उचलून उशाखाली ठेवत होती आणि आम्हाला वाटत होतं, वासासाठी ठेवत असेल. प्रत्येक तुकडा एका पांढऱ्या फळीवर, खाली ज्याच्या त्याच्या नावाचा कागद. 'सासूबाई': पानासारखा पातळ, आरपार उजेड दिसणारा. 'नवरा': मधोमध मोडलेला, धसमुसळा. 'लेक': नखांनी ओरखडलेला. मग शेजारणी, लॉन्ड्रीतल्या बायका, त्यांच्या सासवा. प्रदर्शनासाठी कामं निवडणाऱ्या बाईंनी म्हणे एकेक तुकडा वाकून वाकून पाहिला. माझी तळी पाहताना त्या फोनवर बोलत होत्या.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी सासूबाईंनी मलाच तिच्याबरोबर पिटाळलं. "तुला त्यातलं कळतं, जरा सरळ-वाकडं बघ." म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. मी शिडी धरून उभी, ती वर फळ्या ठोकतेय. बरोबर मध्यभागी एक तुकडा लागला आणि मी ओळखला. माझा होता. अंघोळीचा नव्हे, ब्रश धुण्याचा. ब्रश तळहातावर साबण घेऊन घोळवायचा असतो, तसा घोळवून घोळवून त्याला खळगा पडला होता आणि निळा, हिरवा, मातकट रंग भेगाभेगांत जाऊन बसला होता. खाली कागद: 'मोठ्या जाऊबाई'.

"हा कशाला घेतलास गं? बाकीचे कसे पांढरे आहेत."

"तुमचा आहे म्हणून," ती वरून म्हणाली.

तेवढ्यात निवडणाऱ्या बाई आल्या. मागे झाल्या, पुढे झाल्या, मान तिरकी केली. "सगळं छान आहे. फक्त हा रंगीत तुकडा काढा. मुद्दाम रंगवल्यासारखा दिसतो. सगळा शांतपणा घालवतो तो."

"नाही," धाकटी म्हणाली.

"अहो, एकच तर काढायचाय."

"एकही नाही. ताईंचा नसेल तर बाकीचेही नकोत. मी सगळं उतरवते."

बाईंनी सुस्कारा टाकला आणि माझ्याकडे वळल्या. "तुमची चित्रं तयार असतील ना? यांचं रद्द झालं तर भिंत तुम्हालाच द्यावी लागेल. आता दुसऱ्या कुणाला बोलावणार?"

माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं सांगू? चौकटी पुसायला हव्यात, हे. दुसऱ्यांदा आलं की ढगाळ तळं मधोमध लावावं. मी नुसतं गप्प राहायचं होतं. तेवढंच. शिडीवरची ती हट्टी बाई माझं काम आपणहून करत होती.

आणि तीच म्हणाली, "घरात चित्रं काढणाऱ्या त्या एकट्या आहेत. त्यांना वगळून घर कसं मांडू?"

तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे ही माझी कीव करतेय! उद्या अख्खं गाव म्हणेल, धाकटीने मोठीसाठी भिंत सोडली. मग माझी तळी बघेल कोण? सगळे तिचा त्यागच बघतील. नको मला असली भिंत!

"आण तो इकडे," मी म्हटलं. "पांढरा हवाय ना? करून देते पांढरा."

तिने काही म्हणायच्या आत मी तुकडा उचलला आणि बेसिनपाशी गेले. नळ सोडला नि चोळायला लागले. आधी निळं पाणी गेलं, मग हिरवं. भेगांमधलं निघेना, म्हणून अंगठ्याने घासलं. वाटलं, आलाच आता पांढरा. मातकट रंगाची एक रेघ उरली होती, तीही घासली. आणि हातात काहीच उरलं नाही. नुसता फेस.

साबण धुऊन स्वच्छ करायला निघालेली जगातली पहिली शहाणी मी.

ओले हात घेऊन परत आले. धाकटीने हातांकडे पाहिलं, माझ्या तोंडाकडे पाहिलं. मला वाटलं, आता फाडून खाईल.

"फळी राहू द्या," ती बाईंना म्हणाली. "कागदही राहू द्या."

बाईंनी पुन्हा मान तिरकी केली. "हं. हे चालेल," म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दालन भरलं होतं. मी नवी साडी नेसून मागे उभी होते, कुणी काही वाईट बोलतंय का हे ऐकायला. कुणी बोलेना. लोक सासूबाईंपाशी थांबायचे, नवऱ्यापाशी हसायचे आणि मधल्या रिकाम्या फळीपाशी आले की आवाज खाली आणायचे. एका बाईंनी चष्मा काढून कागद वाचला.

"मोठ्या जाऊबाई," त्या सोबतच्या मैत्रिणीला म्हणाल्या. "गेल्या असतील गं बिचाऱ्या. किती जीव होता बघ हिचा त्यांच्यावर."

मी त्यांच्या खांद्यामागेच उभी होते, धडधडीत जिवंत. सांगणार होते, अहो बाई, ही मी इथे आहे. पण त्यांचे डोळे भरले होते आणि त्या हलायलाच तयार नव्हत्या. माझ्या कुठल्याच तळ्यापुढे आजवर कुणी इतका वेळ थांबलं नव्हतं. मी त्यांच्याकडे बघत राहिले.

मग त्यांनी डोळे पुसले, वळल्या, मला "जरा सरकता का?" म्हणाल्या आणि गर्दीतून वाट काढत धाकटीचे हात हातात घ्यायला गेल्या.